कानांवर हात

तांबट आळीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली,
भिंतींना गोधड्या, खिडकीला दुहेरी काच.
तरी सकाळी नऊला खाली करड्यांचा हातोडा सुरू झाला
की माझ्या स्पीकरांना सुट्टी.
म्हणून बंद पाठीचे हेडफोन.

बिपिनभाईंनी तीन जोड दिले, आठ दिवसांच्या बोलीवर.
"ओरखडा नको, तेलकट केस नकोत, बिल मग बघू."
मी केस धुऊन बसले.

आपल्याकडे कानांवर हात ठेवणं म्हणजे
मला काय माहीत, असं म्हणणं.
मी ठेवले, माहीत व्हावं म्हणून.

पहिला जोड.
गादी लोण्याची. खर्ज असा
की तानपुऱ्याच्या भोपळ्यात कुणी
आणखी एक भोपळा ठेवलाय.
मांडवाच्या दारात उभं राहून
येईल त्याला "या, या" म्हणणारा माणूस.
माझ्या सगळ्यात फसलेल्या मिक्सलाही "वा" म्हणाला.
हलक्या कानाचा.

दुसरा.
प्रत्येक ‘स’ला शिट्टी, प्रत्येक ‘श’ला टाचणी,
चिमटा एवढा की चष्म्याची काडी हाडात रुतली.
पाऊण तासात मीच चिडले,
आणि चिडलेला कान ऐकत नाही,
उणीदुणी काढतो.

तिसरा.
पहिल्या दिवशी वहीत लिहिलं: कोरडा.
हातोडा मात्र त्यानं गिळला.
खिडकीतून घाव दिसायचा, हंडा दिसायचा,
मध्ये काहीच नाही.
ओझरचं विमान गेलं ते सुताएवढं.
देवळालीच्या तोफा तेवढ्या आल्या,
त्या फरशीतून येतात, खुर्चीतून, माकडहाडातून,
त्याला बिचारा हेडफोन काय करणार.

तपासायला नेहमीचा तुकडा लावला:
खैरनार बाईंनी अंध मुलांसाठी वाचलेला भूगोल,
सहा वर्षांपूर्वीचा, माझ्याच हातचा, शाबासकी मिळालेला.
"गोदावरी ही पूर्ववाहिनी नदी आहे."
इथपर्यंत खोलीत पंखा आहे.
"तिच्या काठी"
इथून पंखा नाही.

पहिल्यात तो खर्जाखाली दडपला होता,
दुसऱ्यात पोचलाच नव्हता.
मी मागे नेलं, पुढे नेलं.
आहे.
नाही.

मग आठवलं. पंखा त्यांनीच बंद करायला लावला होता.
पुस्तक उपडं ठेवलं आणि बोलत राहिल्या,
दहा मिनिटं, बारा मिनिटं,
मुलाबद्दल होतं काहीतरी, की घराच्या हप्त्यांबद्दल.
मी मीटरकडे बघत होते.
काटा तांबड्यात जात नाही ना, एवढंच.
नंतर तो सगळा भाग उचलून टाकला
आणि दोन टोकं जुळवली, सफाईनं.
टाकलेलं कुठे ठेवतात?
मी नाही ठेवलं.

दुपारी करडे वर आले, स्कूटर काढा म्हणायला.
म्हटलं, जरा हे ऐका.
डावा कान त्यांचा गेलाय, पस्तीस वर्षांच्या पितळेत,
उजव्यावर कप धरून उभे राहिले,
नदी येताच मान कलली.
"इथं डाख दिलाय," म्हणाले.
"चांगला दिलाय. डोळ्यांना दिसायचा नाही.
पण भांडं वाजवलं की कळतं."
आणि स्कूटरची किल्ली मागितली.

दोन जोड परत केले.
बिपिनभाई म्हणाले, "हा घेता? याला बेस कुठे?"
म्हटलं, नाहीच.
दोनशे कमी केले, खोका फाटका म्हणून.

खैरनार बाई मनमाडला असतात म्हणे.
नंबर आहे.
वहीत ‘कोरडा’ खोडलंय,
पुढे काय लिहायचं ते सुचलेलं नाही.
गादी अजून कडक आहे, कान दुखतात,
डावा जास्त.
खाली हातोडा थांबलाय,
जेवायला गेले असतील.